गिधाडांचा हिशेब

मी मराठीचा मास्तर. गणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि तो संपला याचा आनंद उभयपक्षी होता. तेव्हा माझ्यासारख्या माणसाने दिवाळी अंकात हिशेबावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण प्रसंगच तसा आला.

आरमोरीच्या आमच्या महाविद्यालयात मी रामकथेवर शिकवीत होतो. जटायूचा प्रसंग आला. रावणाशी झुंजून पंख तुटून पडलेला तो म्हातारा पक्षी, त्याच्याजवळ बसलेले रामलक्ष्मण, असे सारे मी जरा रंगवूनच सांगितले. वर्ग शांत होता. मला वाटले, चला, आज रंग भरला! इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले,

"सर, तुमी खरोखरचं गिधाड पायलं का?"

मी म्हटले, "पाहिले आहे की! तुम्ही नाही?"

साठ मुलांच्या वर्गात एकही हात वर झाला नाही. ही काही पुण्यामुंबईची मुले नव्हेत. वैनगंगेच्या काठची, जंगलालगतच्या खेड्यांतून एस. टी.ने येणारी मुले! यांतल्या कित्येकांच्या शिवारात वाघाचे ठसे उमटतात. त्यांना गिधाड माहीत होते ते शिवी म्हणून. सावकार गिधाड, पुढारी गिधाड, भावकीतला लोभी माणूस गिधाड. शब्द जिवंत होता; पक्षी मात्र गेला होता.

"मंग गेले कोठी?" मुलीने विचारले. मी घड्याळाकडे पाहिले. सुदैवाने तास संपला होता.

ढवळ्याचा शेवट

मी गिधाड शेवटचे कधी पाहिले, हे मला नेमके सांगता येते. सन १९९७. मी अकरावीत होतो. गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. आमचे गाव नदीच्या अलीकडे. धानाची थोडी बांधी, एक बोडी आणि बैलजोडी एवढी आमची इस्टेट.

आमच्याकडे दिवाळीत पाडव्याला गायगोधन असते. गुरांना न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, गळ्यात फुलांच्या माळा घालायच्या आणि वाजतगाजत मिरवायचे. त्या वर्षी आमचा ढवळ्या त्या मिरवणुकीत लंगडतच चालला. त्याचा पुढचा खूर सुजला होता. बाबा त्याच्याशेजारी बसून रात्र रात्र शेकत असत. चार दिवसांनी त्याने खाणे सोडले, तेव्हा बाबांनी सायकल काढली आणि जनावरांना सुई देणाऱ्या एका माणसाला घेऊन आले. "दुखणं तरी थांबेल," तो म्हणाला. दुखणे थांबले. संध्याकाळी ढवळ्याने दोन घास कडबा खाल्ला, आणि पहाटे तो गेला.

गावाबाहेर ढोरफोडीचा माळ होता. चामडे काढून झाल्यावर ढवळ्या तिथे पडला. त्या दिवशी आभाळात आधी एक ठिपका दिसला, मग तीन, मग मोजता येईनात. पंख न हलवता ती गोल गोल फिरत उतरली. पांढऱ्या पाठीची ती प्रचंड पाखरे एकमेकांना ढकलत, फुसफुसत जेवायला बसली. तासाभरात माळावर हाडे तेवढी उरली. मला शिसारी आली. बाबा मात्र दुरून हात जोडून उभे होते. "वाया नाई गेला," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर मी शिकायला बाहेर पडलो. चार-पाच वर्षांनी परतलो तेव्हा माळावर कुत्री होती. गिधाडे नव्हती. ती केव्हा गेली, हे गावात कोणालाच सांगता येईना.

लाडवांचा डबा

ही कथा मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. आमचे गणिताचे सर कोपऱ्यात डबा खात होते. ते म्हणाले, "केव्हा गेली हे कोणाला कळले नाही, यात गावाचा दोष नाही. तो त्या उताराचाच स्वभाव आहे."

मी विचारले, "कसला उतार?"

त्यांनी डब्याचे झाकण पुढे सरकवले. "समजा, दिवाळीत वहिनींनी चौसष्ट लाडू केले आणि घरात नियम केला की, रोज डब्यात असतील त्याच्या निम्मे खायचे. पहिल्या दिवशी किती संपले?"

"बत्तीस."

"दुसऱ्या दिवशी सोळा, मग आठ, चार, दोन, एक. नियम एकच, पण पहिल्या दिवशी घरभर लाडूच लाडू आणि सहाव्या दिवशी एक. रोज ठरावीक आकडा वजा होतो तेव्हा ती साधी वजाबाकी. रोज ठरावीक वाटा जातो तेव्हा तिला आम्ही घातांकी ऱ्हास म्हणतो. निम्मे व्हायला जो काळ लागतो त्याचे नाव अर्धायुष्य."

मग त्यांनी मला रदरफर्डची गोष्ट सांगितली. थोरियमपासून निघणाऱ्या एका वायूची किरणे दर मिनिटाला सुमारे निम्मी होतात, हे त्याने १९०० साली मोजून दाखविले. त्या वायूचा कोणता कण केव्हा फुटेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण ढीगभर कणांतले निम्मे केव्हा फुटतील, हे पाटीवर मांडता येते. एकाचे नशीब कळत नाही, समूहाचे कळते. आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त याच चालीचे उलटे गणित घातले आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करतो, तर महिन्यात किती? उत्तर दोनशे कोटींच्या पुढे जाते. चढताना जी चाल डोळे दिपवते, तीच उतरताना डोळ्यांत धूळ टाकते.

"आता लाडवांच्या जागी गिधाडे घ्या," सर म्हणाले.

दर साल शंभरात चव्वेचाळीस

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश या पक्षिशास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. दहाएक वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा घरटी झपाट्याने कमी झालेली आणि झाडांखाली मेलेली पाखरे पडलेली आढळली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९१ ते १९९३ या काळात देशभर रस्त्यांवरून जीप चालवून शिकारी पक्ष्यांची गणती केली होती. त्याच रस्त्यांवरून २००० सालापासून पुन्हा पुन्हा गणती झाली. प्रत्येक वेळी आकडा घसरलेला होता.

२००७ पर्यंतच्या गणत्या एकत्र मांडल्यावर निघालेला निष्कर्ष असा : पांढऱ्या पाठीचे गिधाड दरवर्षी शंभरात सुमारे ४४ या वेगाने कमी होत होते. लांब चोचीची गिधाडे शंभरात १६ या वेगाने. १९९२च्या मानाने २००७ साली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली होती.

सरांनी माझ्या वहीवर हजार गिधाडे मांडली आणि दर साल चव्वेचाळीस टक्के उणे करीत गेले : १०००, ५६०, ३१४, १७६, ९८, ५५, ३१, १७, १०, ५, ३.

"पहिल्या वर्षी ४४० मेली," ते म्हणाले, "तरी ५६० आभाळात होती. लोकांना गिधाडे 'दिसत' होती. पाचव्या वर्षानंतर लोक म्हणू लागले, हल्ली कमी दिसतात बुवा. तोवर हजारातली साडेनऊशेच्या आसपास गेली होती. शेवटच्या वर्षी मेली ती दोन. दोन गिधाडे मेल्याची बातमी कोण छापणार?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आपण आकडा पाहतो, वाटा पाहत नाही. पुष्कळ असते तेव्हा जाणारे दिसत नाही. आणि दिसू लागते तेव्हा जायला फारसे उरलेले नसते.

शंभरात ४४ म्हणजे निम्मी व्हायला सुमारे १४ महिने. घरी येऊन मी स्वतः हिशेब केला. दहा वेळा निम्मे केले की हजारातून एक उरतो. दहा वेळा निम्मे व्हायला १४४ महिने, म्हणजे बारा वर्षे. २००७ मधून बारा वर्षे मागे गेलो की १९९५ येते. माझी पेन्सिल त्या सालावर थांबली, कारण ज्या वस्तूने हा घात केला ती गुरांच्या दवाखान्यांत याच सुमारास रुळली होती.

मायेची सुई

त्या वस्तूचे नाव डायक्लोफिनॅक. दुखणे आणि सूज उतरविणारे हे औषध माणसे वर्षानुवर्षे घेत आहेत. गुरांनाही ते गुणकारी पडते. पण ते औषध अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. मूत्राम्लाचे पांढरे खडे आतड्याकाळजावर जमतात आणि काही दिवसांत पाखरू मान टाकते. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे सोडविले आणि २००४ साली जगापुढे ठेवले. तोपर्यंत सर्वांचा संशय कोणत्या तरी साथीच्या रोगावर होता.

गंमत अशी की, औषधाचाही हिशेब तोच. गाईच्या रक्तातले हे औषध सुमारे बारा तासांनी निम्मे होते. एका दिवसाने चौथाई, दोन दिवसांनी सोळावा हिस्सा, चार दिवसांनी दोनशे छप्पनावा. म्हणजे सुई दिल्यावर जनावर आठवडाभर जगले, तर त्याचे मांस गिधाडाला बाधत नाही. बाधते ते सुई देऊन दोन-तीन दिवसांत मेलेल्या जनावराचे.

आणि अशी जनावरे असतात किती? इथे मला खरा धक्का बसला. शास्त्रज्ञांनी गणित मांडले की, मेलेल्या १३० ते ७६० जनावरांत एखादेच विषारी असले, तरी गिधाडांचा हा सारा उतार होऊ शकतो. कारण एका जनावरावर पन्नास-शंभर गिधाडे बसतात, आणि गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू वयात यायला पाचएक वर्षे लागतात. भराई थेंबाने आणि गळती धारेने.

मी ढवळ्याचा विचार करू लागलो. संध्याकाळी सुई, पहाटे मरण. मधले तास बारा. त्या बाटलीवर काय लिहिले होते, ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण ते जर हेच औषध असेल, तर आमच्या माळावर जेवायला उतरलेल्या त्या पंगतीच्या पुढ्यात निम्मे विष वाढलेले होते. दोष कोणाचा? सुई देणाऱ्याने जाणून काही केले नव्हते. बाबांनी तर मायेपोटीच सायकल हाणली होती. म्हाताऱ्या बैलाला कसायाच्या हवाली न करता दुखण्यातून सोडवावे, असे वाटणारे लाखो शेतकरी या देशात होते. लोभापायी जंगले तुटली, हे आपण नेहमी वाचतो. गिधाडे गेली ती पुष्कळशी मायेपायी.

आणि गेली तेव्हा त्यांची जागा रिकामी राहिली नाही. ढोरफोडीच्या माळांवर कुत्री वाढली, मांस उघड्यावर कुजू लागले, पाणी नासले. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा अंदाज एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला आहे. ज्याला आपण शिवी मानले, त्याने आपल्यासाठी केलेल्या कामाचा हा हिशेब.

भाकीत खोटे पडावे म्हणून

२००७ साली पांढऱ्या पाठीची अदमासे ११,००० गिधाडे देशात उरली होती. तो वेग तसाच राहता, तर २०१५ साली किती उरली असती, हे मी सरांच्या पद्धतीने काढले. उत्तर आले शंभराच्या आसपास. आणखी दोन वर्षांनी तीस-पस्तीस. त्यापुढे गणितात अर्धे, पाव, अष्टमांश असे चालतच राहते. ती रेषा शून्याला कधी टेकत नाही. पण पाखरांची गोष्ट वेगळी. लाडू अर्धा करता येतो, गिधाड अर्धे होत नाही. शेवटच्या दोघांतले एक गेले की दुसऱ्याचा जोडा नाही, अंडे नाही, पिल्लू नाही. कागदावरची रेषा जिथे शून्याला टेकायचे टाळते, तिथे जिवंत वस्तू आधीच संपलेली असते.

प्रत्यक्षात २०१५च्या गणतीवरून केलेला अंदाज आला सुमारे सहा हजारांचा. गणित चुकले काय? सर हसून म्हणाले, "गणित चुकले नाही. वेग बदलला."

या सगळ्या कथेतले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य हेच. ज्योतिषाचे भाकीत आणि गणिताचे भाकीत यांत हाच फरक असावा. ज्योतिषी सांगतो, असे होणार. गणित सांगते, 'जर' हाच वेग राहिला, तर असे होणार. त्या 'जर'मध्ये माणसाला हात घालायला जागा असते.

आणि माणसांनी हात घातला. २००६ साली केंद्र सरकारने गुरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास बंदी केली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गुरांचे दुखणे तितकेच उतरविते आणि गिधाडांना अपाय करीत नाही, हे तोवर सिद्ध झाले होते. माणसांसाठी मिळणाऱ्या मोठ्या बाटल्या चोरून गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांवरही बंधन आले. एका वेळेपुरत्या छोट्या कुप्याच विकाव्यात असे ठरले. २०२३ साली अशीच घातक ठरलेली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधे गुरांसाठी बंद झाली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास होऊ लागली. २०११च्या गणतीतच उतार मंदावल्याचे दिसले होते.

आमच्या जिल्ह्यात वनविभागाने कुनघाड्याच्या बाजूला आणि इतरत्र गिधाडांसाठी खास जागा राखल्या. तिथे औषधाचा अंश नसलेले मृत जनावर नेऊन टाकायचे. लोक थट्टेने त्यांना गिधाडांची खाणावळ म्हणतात. शेजारच्या ताडोबात बोटेझरी येथे २०२४ साली पिंजोरची पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे आणून, पाठीवर माग काढणारी यंत्रे बांधून सोडण्यात आली. त्यांतले एक तर भटकत थेट तमिळनाडूत पोचले.

म्हणून सारे आलबेल झाले, असे कोणी समजू नये. एकेकाळी आभाळात कोटींनी असलेला पक्षी हजारांवर आला आहे. उतार थांबणे वेगळे आणि चढ लागणे वेगळे. शंभरात ४४ जायला वर्ष पुरले. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पाखराला ते भरून काढायला माणसाचे आयुष्य लागेल.

बाटली

त्या मुलीला मी पुढच्या तासाला फळ्यावर सगळा हिशेब मांडून दाखविला. मराठीच्या तासाला आकडे पाहून वर्ग प्रथम हसला. मग वहीत उतरवू लागला. १०००, ५६०, ३१४... त्या मुलीचे वडील गुरे राखतात. तिने हात वर करून विचारले, "म्हंजे घरी ढोराले कोनती सुई देते, थे पावून घेतलं तरी पुरते का, सर?"

मी म्हटले, "पुष्कळ पुरते."

घरी आल्यावर हे सारे मी बाबांनाही सांगितले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. ढवळ्याचे नाव निघताच ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "आपल्याच बइलानं मेले का रे थे?"

मी काय सांगणार? समूहाचे कळते, एकाचे कळत नाही, हे रदरफर्डचे उत्तर मी माझ्या बापाला देऊ शकलो नाही. "सांगता येत नाही, बाबा," म्हटले.

गेल्या गायगोधनाच्या आदल्या दिवशी आमची तांबू गाय आजारी झाली. गुरांचे डॉक्टर आले. बाबा काठी टेकीत गोठ्यात गेले. डॉक्टरांच्या हातातली बाटली त्यांनी मागून घेतली, उजेडात धरली, आणि स्वतःला अक्षर लागत नाही म्हणून मला हाक मारली.

"बापू, कोनती दवाई आये हे? वाच बरं."

मी मोठ्याने वाचले, "मेलॉक्सिकॅम."

"मंग दे," बाबा डॉक्टरांना म्हणाले.